सोनाखानचे वीर नारायणसिंह : घराणे, दुष्काळ आणि लोकस्मृती

रायपूरजवळ वसलेल्या नव्या राजधानीत २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून विजय मिळवला. त्या दिवशी देशभरातील प्रेक्षकांनी मैदानाचे नाव वारंवार ऐकले : शहीद वीर नारायणसिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान. हे नारायणसिंह कोण, हा प्रश्न छत्तीसगढबाहेरील बहुतेकांना पडला असेल. महाराष्ट्रातील वाचकांना तर तो विशेष पडायला हवा, कारण नारायणसिंहांची जमीनदारी ज्या राज्यात होती, त्याची राजधानी नागपूर होती आणि राज्यकर्ते भोसले होते.

भिलाईच्या कामगार वस्त्यांत मात्र हे नाव क्रिकेटच्या बरेच आधी पोहोचले होते. ते तेथे कसे पोहोचले, याची हकिगत पुढे येईलच. तत्पूर्वी नारायणसिंहांचे घराणे आणि त्यांचा काळ समजून घेणे आवश्यक आहे.

सोनाखान हे गाव आज छत्तीसगढच्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात आहे. भोवती डोंगर, दाट जंगल आणि जवळून वाहणारी जोंक नदी. गावाच्या नावातच सोन्याची खाण आहे. या परिसरातील नद्यानाल्यांच्या वाळूतून सोन्याचे कण वेचण्याचा व्यवसाय जुना आहे. मात्र हा मुलूख कधीच श्रीमंत नव्हता. डोंगराळ जमीन, पावसावर अवलंबून असलेली भातशेती आणि जंगलातील उपज यांवर येथील लोकांचा निर्वाह चाले.

नारायणसिंह हे बिंझवार या आदिवासी जमातीचे. विंध्य पर्वताशी नाते सांगणारी ही जमात छत्तीसगढच्या पूर्व भागात आणि ओडिशाला लागून असलेल्या प्रदेशात पसरलेली आहे. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचे मूळ पुरुष बिसाही ठाकूर हे सारंगढकडून येथे आले आणि त्यांनी सोनाखानची जमीनदारी उभी केली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या बृहद्ग्रंथात बिंझवारांविषयी एक लक्षणीय नोंद आहे. बाण हे या जमातीचे चिन्ह असून निरक्षर मंडळी सहीच्या जागी बाणाची आकृती काढीत असत. ही नोंद ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण नारायणसिंहांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बहुतांशी इतरांनी लिहिलेले आहे. त्यांच्या स्वतःच्या हातचे आत्मकथन, रोजनिशी किंवा कुटुंबीयांना लिहिलेली पत्रे आपल्यापुढे नाहीत.

नारायणसिंहांचा जन्म १७९५ सालचा मानला जातो. वडिलांचे नाव रामराय. काही ठिकाणी ते रामसाय असेही लिहिले जाते. १८३० मध्ये वडिलांच्या निधनानंतर वयाच्या पस्तिसाव्या वर्षी जमीनदारीची सूत्रे नारायणसिंहांकडे आली. ही जमीनदारी त्यांना मिळाली तेव्हा ती पूर्वीसारखी राहिली नव्हती. त्यामागील कारण वडिलांच्या काळातील एका संघर्षात होते, आणि तो संघर्ष समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नागपूरकरांचा अंमल

१७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर निघाले असता त्यांनी वाटेत रतनपूरच्या हैहयवंशी राजाला शरण आणले आणि छत्तीसगढवर मराठ्यांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. पुढे १७५८ ते १७८७ या काळात रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांच्या काळाची आठवण आजही जागती ठेवते. बिंबाजींनंतर नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांमार्फत कारभार चालू लागला. मैदानी गावांची वसुली सरकारात थेट होई. डोंगराळ भागातील जमीनदार मात्र ठराविक वार्षिक खंडणी भरून आपापल्या मुलखात बऱ्याच अंशी स्वतंत्र राहत. या खंडणीला टाकोळी म्हणत. शब्द आपल्याकडचा, वसुली तिकडची.

मराठी वाचकाला भोसल्यांच्या कारकिर्दीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सुभेदारीच्या काळात वसुलीची ओढाताण वाढली होती आणि तिची झळ जमीनदारांना व रयतेला बसत होती, हेही नमूद केले पाहिजे. सोनाखानच्या डोंगरातून पाहिले असता नागपूरचा सुभेदार आणि कलकत्त्याचा साहेब यांत वाटतो तितका फरक नसावा.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसले यांचा पराभव झाला. त्यानंतर १८१८ पासून १८३० पर्यंत अल्पवयीन राजाच्या नावाने ब्रिटिश रेसिडेंटच नागपूर राज्याचा कारभार पाहत होता. याच संधिकाळात, १८१८-१९ च्या सुमारास, रामरायांनी भोसले व इंग्रज या दोघांच्याही सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. इंग्रजी फौजेने हा उठाव मोडून काढला आणि सोनाखानच्या जमीनदारीतील अनेक गावे घराण्याच्या हातून गेली. नारायणसिंह तेव्हा ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. वडिलांचे बंड आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

त्यांच्या तरुणपणाविषयी लोककथा पुष्कळ आहेत. कबऱ्या घोड्यावर बसून ते गावोगाव फिरत आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकत, नरभक्षक वाघाला त्यांनी तलवारीने ठार केले आणि त्यामुळे त्यांना ‘वीर’ हे बिरुद लाभले, असे सांगतात. त्यातील इतिहास किती आणि लोकांचे प्रेम किती, हे वेगळे काढणे आता कठीण आहे. परंतु ज्या जमीनदाराचा जाच असतो त्याच्या नावाने लोक वाघाच्या गोष्टी रचत नाहीत, एवढे म्हणता येईल.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर छत्तीसगढही थेट कंपनी सरकारच्या ताब्यात आले. रायपूर येथे डेप्युटी कमिशनर बसू लागला. नवी वसुली, नवे कायदे, नवी न्यायालये आली. जमीनदाराने आपल्या मुलखात काय करावे आणि काय करू नये, हे आता दूरचा अधिकारी ठरवू लागला.

कसडोलचे धान्य

१८५६ मध्ये या भागात भीषण दुष्काळ पडला. सोनाखान आणि आसपासच्या गावांत लोक अन्नावाचून तडफडू लागले. कसडोल येथील माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे धान्याची कोठारे भरलेली होती. नारायणसिंहांनी त्याच्याकडे धान्याची मागणी केली. ते उधार द्यावे, पीक आल्यावर परत करू, असे त्यांचे म्हणणे होते असे सांगितले जाते. व्यापाऱ्याने नकार दिला. तेव्हा नारायणसिंहांनी कोठारांची कुलुपे तोडली आणि धान्य भुकेल्या लोकांत वाटले.

मराठी माणसाला येथे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठार लोकांसाठी खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन त्याची भरपाई केली, अशी कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. सोनाखानची भरपाई करायला कोणी धावून आले नाही. शिवाय दामाजीपंत सरकारी अधिकारी होते. नारायणसिंह मात्र सरकारच्या दृष्टीने आधीच एका बंडखोराचा मुलगा होते.

नारायणसिंहांनी केलेली गोष्ट लपवली नाही. आपण काय केले आणि का केले, हे त्यांनी स्वतःहून डेप्युटी कमिशनरला कळवले. चोरी करणारा माणूस चोरीची वर्दी देत नाही. मग त्यांनी असे का केले? पूर्वीच्या व्यवस्थेत दुष्काळात रयतेला जगवणे हे जमीनदाराचे कर्तव्यच मानले जाई, आणि त्या कर्तव्यापोटी केलेल्या कृतीचे वृत्त वरिष्ठ सत्तेला देणे हाही रिवाजाचाच भाग होता. नव्या कायद्याला हा रिवाज ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी खासगी मालमत्तेची लूट झाली होती. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून वॉरंट निघाले आणि २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहांना संबलपूर येथे अटक झाली. त्यांना रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

पुढच्या वर्षी मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या येऊ लागल्या. रायपूरमध्ये तिसरी पायदळ पलटण होती आणि तिच्यातील शिपायांत असंतोष धुमसत होता. ऑगस्ट १८५७ च्या अखेरीस नारायणसिंह काही साथीदारांसह भुयार खणून तुरुंगातून निसटले. शिपायांची सहानुभूती आणि साहाय्य असल्यावाचून हे शक्य झाले नसावे. ते थेट सोनाखानला पोहोचले. तेथे सुमारे पाचशे माणसे त्यांच्याभोवती जमली. तोड्याच्या बंदुका, तलवारी आणि तीरकमठे हीच त्यांची शस्त्रे. कुर्रूपाट डोंगराचा आश्रय घेऊन त्यांनी वाटा अडवल्या.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लेफ्टनंट स्मिथ फौज घेऊन रायपूरहून निघाला. या मोहिमेत त्याला सर्वाधिक उपयोग झाला तो शेजारच्या जमीनदारांचा. कटंगी, भटगाव, बिलाईगढ येथील जमीनदारांनी माणसे व रसद पुरवली. देवरीचे जमीनदार महाराज साय यांनीही इंग्रजांना मदत केली, आणि ते तर सोनाखान घराण्याचे नातलग होते. सोनाखान गावाला आग लावण्यात आली. रयतेचे आणखी हाल होऊ नयेत म्हणून नारायणसिंहांनी अखेर शरणागती पत्करली, असे परंपरा सांगते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना रायपूरला आणण्यात आले, खटल्याचे काम झटपट उरकण्यात आले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना देहान्त शिक्षा देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय ६२ वर्षांचे होते.

अशीच कथा चांद्याच्या जंगलातही घडली. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचे साहाय्य इंग्रजांना मिळाले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे बाबूरावांना फाशी देण्यात आली. दोन्ही ठिकाणी जंगल जाणणारा शत्रू बाहेरचा नव्हता.

फाशी की तोफ?

नारायणसिंहांचा मृत्यू कसा झाला, याविषयी दोन परंपरा आहेत. सरकारी कागदपत्रांच्या आधारे इतिहासकार १० डिसेंबर १८५७ ही तारीख आणि फाशी ही शिक्षा मानतात. रायपूरचा आजचा जयस्तंभ चौक ही ती जागा म्हणून दाखवली जाते. लोकस्मृती मात्र सांगते की, त्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९८७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ ६० पैशांचे तिकीट काढले, तेव्हा चित्रात नारायणसिंह तोफेपुढे बांधलेले दाखवले गेले. म्हणजे एकाच सरकारच्या दप्तरात फाशी आणि तिकिटावर तोफ!

लोकस्मृतीने तोफ का धरून ठेवली असावी? १८५७-५८ मध्ये पकडलेल्या शिपायांना तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा उत्तर हिंदुस्थानात अनेक ठिकाणी जाहीरपणे अमलात आणली गेली. फाशी ही सामान्य गुन्हेगाराला होते, बंडखोराला तोफ, असा एक समज त्यातून रुजला. आपला राजा दरोडेखोर म्हणून फासावर गेला हे सोनाखानच्या लोकांना मान्य नव्हते. त्यांनी त्याला योद्ध्याचे मरण दिले. हे केवळ अनुमान आहे, परंतु या प्रदेशातील सांगणाऱ्यांचा सूर ऐकला की ते पटू लागते.

या मृत्यूचा परिणाम रायपूरच्या छावणीवर लगेच दिसला. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री तिसऱ्या पलटणीतील मॅगझिन लष्कर हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याच्या निवासस्थानी शिरून त्याला ठार केले. हनुमानसिंह निसटला तो पुन्हा हाती लागला नाही. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारी रोजी रायपुरात जाहीरपणे फाशी देण्यात आले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते आणि बहुतेक जण छत्तीसगढबाहेरचे होते.

नारायणसिंहांचे पुत्र गोविंदसिंह यांना पकडून नागपूरच्या तुरुंगात धाडण्यात आले होते. १८६० मध्ये सुटका झाल्यावर ते संबलपूरचे सुरेंद्र साय यांच्या साहाय्याने परतले आणि देवरीच्या महाराज साय यांना ठार करून त्यांनी पित्याचा सूड घेतला, असे सांगितले जाते. सुरेंद्र साय पुढे पकडले गेले आणि १८८४ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्यात कैदेत वारले. सोनाखानची जमीनदारी तर जप्तच झाली होती. एका घराण्याचा राजकीय इतिहास तेथे संपला.

भिलाईतून परतलेले नाव

त्यानंतर जवळजवळ शतकभर नारायणसिंहांचे नाव सोनाखानच्या पंचक्रोशीत आणि काही अभ्यासकांच्या टिपणांत राहिले. ते पुन्हा मोठ्या समुदायापर्यंत नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणींतील मजुरांचा वाटा फार मोठा आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येथे आले. नागपूर-विदर्भातील अनेक मराठी कुटुंबेही त्यांत होती. ज्यांच्या भातशेतीवर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, ती स्थानिक छत्तीसगढी माणसे मात्र बरीचशी ठेकेदारांच्या हाताखाली रोजंदारीवर राहिली. दल्ली-राजहरा येथील खाणींतही हीच स्थिती होती.

बंगालमधून आलेले शंकर गुहा नियोगी हे आरंभी भिलाईच्या कोक ओव्हन विभागात कामगार होते. नोकरी गेल्यावर त्यांनी छत्तीसगढच्या खेड्यांत व खाणींत मजुरी केली, तेथील बोली आत्मसात केली आणि आशा या खाणमजूर स्त्रीशी विवाह केला. १९७७ मध्ये दल्ली-राजहरा येथे छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी जूनच्या आरंभी झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. १९७९ पासून या संघटनेने १९ डिसेंबर हा वीर नारायणसिंह दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. ही तारीख लोकपरंपरेतील. सरकारी स्मरणदिन १० डिसेंबरचा आहे.

नियोगींनी नारायणसिंहांचीच निवड का केली, हे समजणे अवघड नाही. खाणमजूर हा मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. वेतनाच्या मागणीसाठी त्याला एकत्र आणता येत होते, पण ‘छत्तीसगढी माणूस मागासलेला आणि सोशिक असतो’ हा बाहेरच्यांनी बसवलेला शिक्का पुसायला वेतनवाढ पुरेशी नव्हती. भुकेच्या वेळी कोठाराचे कुलूप तोडणारा, याच मातीतील आणि तोही आदिवासी पूर्वज त्यासाठी हवा होता. संघटनेचा झेंडा लाल-हिरवा होता. लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. १९८३ मध्ये याच मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून दल्ली-राजहरा येथे शहीद रुग्णालय उभे राहिले.

नव्वदीच्या आरंभी नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेका कामगारांचा लढा हाती घेतला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाई येथील निवासस्थानी झोपेत असतानाच त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर रूळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेकांचा बळी गेला. तेव्हापासून भिलाईच्या कामगारांच्या स्मरणदिनांत या तारखाही आल्या.

येथे दूरच्या एका देशाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांचा जन्म नारायणसिंहांच्या मृत्यूनंतर साडेतीन वर्षांनी, १९ जून १८६१ रोजी झाला. त्यांचे कुटुंब कलांबा येथे ख्रिस्ती मठाच्या जमिनी खंडाने कसत असे. रिझाल अकरा भावंडांतील सातवे. ते लहान असतानाच त्यांच्या आईला एका खोट्या आरोपाखाली अटक करून दूरच्या गावापर्यंत पायी चालवत नेण्यात आले होते. पुढे मठाशी झालेल्या खंडाच्या वादात कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने मनिला येथे रिझाल यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या आई-वडिलांविषयी, बहिणींविषयी, वडील बंधूंविषयी इतके बारीकसारीक तपशील उपलब्ध आहेत, कारण ते घर लिहिते-वाचते होते. रिझाल यांची पत्रे, कादंबऱ्या, रोजनिश्या जपल्या गेल्या. नारायणसिंहांची आई कोण होती, बहिणी किती होत्या, पत्नीचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे शोधायला गेल्यास हाती वाघाची गोष्ट आणि बाणाची सही येते. पोलीस आणि न्यायालयाच्या दप्तराला आरोपीच्या घरात रस नव्हता.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यावर नव्या राज्याला आपला आद्य हुतात्मा हवा होता आणि तो नारायणसिंहांच्या रूपाने सहज सापडला. आदिवासींच्या उत्थानासाठी कार्य करणाऱ्यांना त्यांच्या नावाने राज्य पुरस्कार दिला जातो. २००८ मध्ये क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव मिळाले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांच्या नावाचे स्मारक आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय खुले झाले. दरवर्षी १० डिसेंबरला सोनाखान येथे आणि बालोद जिल्ह्यातील राजाराव पठारावर मेळे भरतात. ज्या नावासाठी एकेकाळी खाणमजूर मिरवणूक काढीत, त्या नावाला आता सर्वपक्षीय मान आहे. सरकारी फलकांवर शौर्याचा उल्लेख ठळक असतो, कोठाराचा त्या मानाने कमी.

सोनाखानच्या परिसरातील सोन्याचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बाघमारा येथील सोन्याच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला. देशातील सोन्याच्या खाणीचा हा पहिलाच लिलाव होता आणि तो वेदांत कंपनीने जिंकला. तेथे सुमारे २,७०० किलो सोने असल्याचा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला होता. आपल्या जंगलाचे आणि शेतीचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा आसपासच्या गावांतून विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांनी नाव घेतले ते नारायणसिंहांचेच.